डार्टमूरवर पहिल्यांदा गाडी नेताय? आधी रिव्हर्स पक्का करा

डार्टमूर म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यातलं एक उघडं पठार. तिथल्या वाइडकोम गावाच्या अलीकडची गोष्ट. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच झुडपांची भिंत, मध्ये जेमतेम एका गाडीपुरता डांबरी पट्टा आणि समोर ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला निवांत बसून माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "अगं, हॉर्न दे की. सरकेल तो बाजूला."

बाजूला सरकायला बाजूच नव्हती. दीडशे-एक मीटर रिव्हर्स घेऊन मागच्या वळणावरच्या रुंद जागेत गाडी घालायची होती, आणि ती मलाच घालायची होती. घातली. पण दहा मिनिटं लागली, घाम फुटला आणि डाव्या आरशाला ओरखडा पडला तो वेगळाच.

मी गाडी शिकले साताऱ्यात. यवतेश्वरचा घाट, कास, आंबोलीचं धुकं, सगळं करून झालेलं. इंग्लंडमध्ये आल्यावर इथली परीक्षाही पास झाले. तरी डार्टमूरच्या त्या पहिल्या दिवसाने माझी चांगलीच जिरवली. त्यानंतर चार-पाच वेळा गेले. आता घरी भारतातून कुणी आलं की "आम्हाला तिकडे ने" ही फर्माईश ठरलेली असते, आणि ज्यांना मी नेऊ शकत नाही ते फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी दोन गैरसमज काढून टाका. मूर म्हणजे जंगल नव्हे. उंचावरचं उघडं पठार, आम्लधर्मी निकस माती, खाली पाणी धरून ठेवणारं काळं पीट (कुजलेल्या वनस्पतींचा थर), वर गवत, हीदरची झुडपं आणि मधूनमधून ग्रॅनाइटचे उघडे कडे. या कड्यांना इथे 'टॉर' म्हणतात. आपल्याकडचं जवळचं उदाहरण द्यायचं तर कासचं पठार डोळ्यांसमोर आणा, फक्त जांभ्याच्या जागी ग्रॅनाइट आणि उन्हाच्या जागी बोचरा वारा. दुसरा गैरसमज 'नॅशनल पार्क' या शब्दाचा. ताडोबासारखं गेट, तिकीट, सफारी असं इथे काही नाही. १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेल्या या ९५४ चौरस किलोमीटरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, दारूचे गुत्ते आहेत, एक तुरुंगसुद्धा आहे. सार्वजनिक रस्ता त्यातून सरळ जातो आणि त्यावरून कुणीही जाऊ शकतं.

१. लायसन्सचं आधी बघा

फिरायला आलेल्यांना भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने साधी कार चालवता येते. इथे राहायला, शिकायला किंवा नोकरीला आला असाल तर तुम्ही इथले रहिवासी झालात तेव्हापासून १२ महिने. पुढे इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स काढायचं, लेखी परीक्षा द्यायची, मग रस्त्यावरची. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही.

सापळा इथेच आहे. मध्ये दिवाळीला घरी जाऊन आलो म्हणजे १२ महिने नव्याने सुरू झाले, असं बरेच जण समजतात. रहिवाशांच्या बाबतीत तसं होत नाही. मुदत संपल्यावर गाडी चालवली तर लायसन्स नाही आणि विमाही लागू होत नाही, दोन्ही एकदम.

आंतरराष्ट्रीय परवाना कायद्याने लागतोच असं नाही, पण भाड्याने गाडी देणारे कधीकधी मागतात. आपल्या आरटीओत निघतो, काढून ठेवला तर वाद टळतो.

२. गाडी: जितकी लहान तितकी बरी

लंडनहून अख्खा रस्ता गाडीने येण्यात मजा नाही. पॅडिंग्टनहून रेल्वेने एक्सेटरला या, दोन-अडीच तास लागतात, आणि तिथे गाडी घ्या. काउंटरवरचा माणूस हमखास विचारेल, "थोडे जास्त पैसे देऊन मोठी गाडी घेता का?" नको म्हणा. चार माणसं आणि चार छोट्या बॅगा मावतील इतकी छोटी हॅचबॅक घ्या. मोठ्या एसयूव्हीतून दिसतं छान, पण अरुंद रस्त्यात समोरून दुसरी एसयूव्ही आली की छोट्या गाडीतल्या माणसाचा हेवा वाटतो.

ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून बुक करा, ती महाग पडते आणि ऐनवेळी मिळत नाही.

विम्याचे कागद उभं राहून वाचा. अपघातात आपल्या खिशातून किती जाणार तो आकडा, आणि टायर, काचा, आरसे, गाडीचा खालचा भाग त्यात धरलाय की नाही. मूरवर नुकसान होतं ते नेमकं याच गोष्टींचं. मी ते वाचलं नव्हतं.

पेट्रोल पंपावर हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. स्वतःच भरायचं असतं. टाकी एक्सेटरलाच भरून घ्या. वर पठारावर पंप मिळेल या भरवशावर निघू नका.

३. सोबत काय काय

कागद:
- मूळ लायसन्स (फोटो चालत नाही) आणि असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना
- पासपोर्ट
- चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. अनामत त्यावरच अडकवतात
- इथलं लायसन्स असेल तर सरकारी संकेतस्थळावरून काढलेला चेक कोड (त्यावरून गाडी देणारे लायसन्स तपासतात), तो २१ दिवस चालतो
- भाडेकराराची प्रत आणि गाडी बंद पडल्यास करायचा फोन नंबर, कागदावर लिहून

सामान:
- फोनवर उतरवून ठेवलेला नकाशा, कारण वर नेटवर्क येतं-जातं
- चालायला जाणार असाल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा 'ओएल २८' हा डार्टमूरचा कागदी नकाशा
- रेनकोट, स्वेटर, जाड तळव्याचे बूट. जुलैतसुद्धा
- पाणी आणि खाणं. शाकाहारी असाल तर पबमध्ये बटाट्याच्या काचऱ्या आणि सूप यापलीकडे फार अपेक्षा नको. आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेते, आणि दुपारी सगळे तिच्याकडेच बघत असतात
- १२ वर्षांखालचं आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल असेल तर त्याची सीट. इथे हा कायदा आहे, "मांडीवर घेते" चालणार नाही

४. कधी जावं

हीदरचा जांभळा रंग बघायचा तर ऑगस्ट. त्याच वेळी गॉर्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूपही फुललेलं असतं आणि उतारच्या उतार जांभळे-पिवळे दिसतात. पण शाळांना सुट्ट्या असतात, गर्दी होते. शक्य असेल तर मधल्या वारी जा. मे महिन्यात शिंगरं आणि कोकरं बघायला मिळतात. ऑक्टोबरमध्ये ब्रॅकन नावाचं नेचं वाळून सगळं पठार तांबूस होतं. मला स्वतःला हाच महिना आवडतो.

हिवाळ्यात दिवस फार लहान. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात मूरवर पहिल्यांदा गाडी चालवू नका, का ते पुढे येतंय. जूनमध्ये उलट, रात्री साडेनऊपर्यंत उजेड.

पावसाचं सांगायचं तर प्रिन्सटाउन गावात वर्षाला सुमारे दोन हजार मिलीमीटर पडतो. महाबळेश्वर बघितलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तो चार महिन्यांत न पडता वर्षभर थोडाथोडा, आडवा, थंड पडत राहतो.

५. निघायच्या आधी रिव्हर्सचा सराव

हे मी गमतीने लिहीत नाहीये. आपल्याकडे घाटातही दोन गाड्या एकमेकींना घासत का होईना निघून जातात, कारण कडेला माती असते, साइडपट्टी असते. डेव्हनच्या आडरस्त्यांवर कडेला बांध असतो. शेताचा बांध म्हणतो तोच, फक्त माणसापेक्षा उंच आणि आतून दगडी. वरून वेली, गवत, रानफुलं अशी पांघरलेली असतात की वाटतं, थोडी गाडी घासली तर पानंच लागतील. पानांच्या मागे ग्रॅनाइट आहे. माझा आरसा तिथेच गेला.

रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा. शंभर मीटर सरळ रिव्हर्स, मग वळणात रिव्हर्स. कॅमेरा असला तरी मान वळवून मागच्या काचेतून बघायची सवय करा. चिखलाने कॅमेरा पाच मिनिटांत आंधळा होतो. दोन्ही आरसे थोडे खाली करून घ्या, म्हणजे मागची चाकं आणि बांध यातलं अंतर दिसतं.

मग रस्त्यावर गेल्यावर:

- चालवताना मागे गेलेली प्रत्येक रुंद जागा मनात टिपत चला. "आत्ता एक फाटक गेलं", "इथे पासिंग प्लेस (समोरच्याला वाट द्यायला रस्त्याकडेला ठेवलेली रुंद जागा) होती". समोर गाडी आली की तेवढंच कामाला येतं.
- ज्याच्या मागे रुंद जागा जवळ, त्याने मागे जायचं. ट्रॉलीवाला ट्रॅक्टर, बस, घोड्यांची गाडी समोर असेल तर आपणच. चढ चढून येणाऱ्याला शक्यतो वाट द्यायची.
- पासिंग प्लेस डावीकडे असेल तर तीत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा तीत शिरून निघेल. उजवीकडे घुसू नका.
- पासिंग प्लेसमध्ये गाडी लावून फोटो काढायला उतरू नका. अख्खा रस्ता तुंबतो.
- समोरच्याने हेडलाइट चमकवला तर आपल्याकडे त्याचा अर्थ "मी येतोय, थांब". इथे बहुतेक वेळा उलटा: "तू ये, मी थांबलोय". हा फरक पहिल्या दिवशी डोक्यात बसला नाही तर दोन्ही गाड्या एकदम निघतात किंवा दोन्ही थांबून राहतात. तरीही नुसत्या चमकेवर विसंबू नका, समोरची गाडी खरंच थांबलीय का बघा.
- वाट मिळाली की स्टिअरिंगवरून हात, निदान एक बोट, वर करायचं. हे न करणारा माणूस इथे उद्धट ठरतो.

आणखी एक. नेव्हिगेशनला 'सर्वांत जवळचा रस्ता' विचारू नका. दोन मैल वाचवण्यासाठी ते तुम्हाला अशाच बोळात घालतं. मला वाइडकोमला नेलं ते असंच. अशा बोळाच्या तोंडाशी कधीकधी पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ अशी पाटी दिसते. कायद्याने तिथे ताशी ६० मैलांची मुभा असते. त्या बोळात २० सुद्धा जास्त होतात.

६. मार्ग: पहिल्यांदा बी ३२१२ च धरा

एक्सेटरहून निघून मूर मधोमध कापत यल्व्हर्टनपर्यंत जाणारा हा रस्ता साधारण ५० किलोमीटरचा. दोन गाड्या बहुतेक ठिकाणी आरामात जातात. सुरुवातीचा भाग, डन्सफर्डवरून मोर्टनहॅम्पस्टेडपर्यंत, झाडीतून, नदीकाठाने, वळणावळणाचा आहे. इथे अजून मूर नाही. मोर्टनहॅम्पस्टेडला चहा घ्या, स्वच्छतागृह गाठा.

गावाबाहेर चढ सुरू होतो, बांध खाली खाली होत जातात आणि मग रस्त्यावर आडवे लोखंडी दांडे दिसतात. हे कॅटल ग्रिड. खाली खड्डा, वर दांडे. चाकं जातात, जनावराचा खूर जात नाही. हळू घ्या. चाकाखाली घर्रर्र झालं की समजायचं, आपण मूरवर आलो. कुंपण संपतं. एकदम सगळीकडे आभाळ.

पुढे रस्त्यालगत एकटंच एक घर दिसतं, वॉरन हाउस इन. दक्षिण इंग्लंडमधल्या सर्वांत उंचावरच्या पबांपैकी एक, समुद्रसपाटीपासून ४३४ मीटरवर. आतल्या चुलाणातला विस्तव १८४५ पासून विझलेला नाही असं इथले लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण गारठलेले हात शेकायला विस्तव चांगला आहे. समोरच्या खोऱ्यात कथिलाच्या जुन्या खाणींच्या खुणा दिसतात.

तिथून थोडं पुढे पोस्टब्रिज. इथे थांबाच. ईस्ट डार्ट नदीवर दगडी खांब आणि त्यांवर आडव्या ठेवलेल्या प्रचंड ग्रॅनाइटच्या शिळा, इतकाच तो पूल. तेराव्या शतकातला असावा असं मानतात. चुना नाही, कमान नाही. एकेक शिळा चार मीटरहून लांब आणि आठ टनांहून जड. पाठीवर कथिल लादलेली घोडी यावरून नेत. बाबांनी बुटाने शिळा ठोकून बघितली आणि "हलत नाही बरं का" असा दाखला दिला. माहिती केंद्र, पार्किंग, स्वच्छतागृह सगळं इथेच आहे.

टू ब्रिजेसला दोन रस्ते मिळतात. बी ३२१२ वरून पुढे गेलात की प्रिन्सटाउन: करडं गाव, करडं आभाळ आणि करडा तुरुंग. १८०९ मध्ये तो सुरू झाला नेपोलियनच्या युद्धातल्या फ्रेंच कैद्यांसाठी. पुढे १८१२ च्या युद्धातले अमेरिकन कैदीही तिथे आले. गावातलं चर्च या कैद्यांनीच बांधलं. ग्रॅनाइटमधून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू निघतो, आणि त्याचं प्रमाण जास्त सापडल्याने २०२४ मध्ये सगळे कैदी तिथून हलवले. दोनशे वर्षं ज्या दगडाने माणसं आत ठेवली त्यानेच शेवटी बाहेर काढली.

इथून दोन पर्याय. दिवस निरभ्र असेल तर तसेच यल्व्हर्टनकडे उतरा. वाटेत एका वळणावर खाली प्लिमथची खाडी चमकते. नाहीतर मागे टू ब्रिजेसला येऊन बी ३३५७ ने डार्टमीटला जा. ईस्ट डार्ट आणि वेस्ट डार्ट या दोन नद्यांचा संगम. आमच्या माहुलीला कृष्णा-वेण्णा मिळतात तिथे मंदिरं आहेत, घाट आहे. इथे चहाची टपरी आणि पाण्यात पाय सोडून बसलेली पोरं. आईने तरी हात जोडलेच. डार्टमीटला उतरताना आणि पलीकडे चढताना उतार तीव्र आहे, गिअर खालचा ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. पुढे अ‍ॅशबर्टनकडे जाताना डार्टवरचे दोन जुने दगडी पूल लागतात. ते घोड्यांच्या काळातले, रुंदीही त्याच मापाची. समोरचा आधी शिरलाय का बघूनच चाक घाला. अ‍ॅशबर्टनला ए ३८ हा मोठा रस्ता मिळतो आणि तासाभरात तुम्ही एक्सेटरला.

नुसतं चालवायला अडीच-तीन तास. पण दिवस अख्खा ठेवा.

हेटॉर आणि वाइडकोम दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. हेटॉरला बोव्ही ट्रेसी गावाकडून चांगला रस्ता आहे. तिथल्या खाणीतला ग्रॅनाइट १८३१ च्या लंडन ब्रिजला वापरला होता, आणि तो खाली आणायला १८२० मध्ये ग्रॅनाइटचेच रूळ टाकले होते. गवतात ते अजून दिसतात, हात लावून बघता येतात.

७. जनावरं

कॅटल ग्रिड ओलांडली की रस्ता त्यांचा. हे वाक्य मला एका स्थानिक बाईंनी सांगितलं आणि ते शब्दशः घ्यावं लागतं.

डार्टमूरची घोडी बुटकी, धट्टीकट्टी, केस डोळ्यांवर आलेली. रानटी दिसतात, पण प्रत्येकाला मालक आहे. मूरवर चराईचा हक्क असलेले शेतकरी त्यांना वर्षभर मोकळं सोडतात आणि शरद ऋतूत एकदा गोळा करून आणतात. मेंढ्या, काळ्या गाई यांचंही तसंच. गुराखी नाही, कुंपण नाही.

वॉरन हाउसच्या पुढच्या वळणावर आम्हाला एक घोडी भेटली. पांढऱ्या रेषेवर आडवी उभी, आयाळीतून पावसाचं पाणी टपटपतंय, आणि तिच्या पायाशी भर रस्त्यात शिंगरू पसरलेलं. आम्ही थांबलो. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग शिंगरू उठलं, आमच्या बंपरपाशी आलं आणि नंबरप्लेट चाटायला लागलं. हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याची चटक लागते म्हणे. हे एप्रिलअखेरीचं होतं, तरी आई करते ते पोर करत असावं. बाबांनी काच खाली करून दशमी पुढे केली होती. मी हात धरला.

खायला घालू नका. मनाई आहे, दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडीतून खाऊ मिळतो हे कळलेलं घोडं रस्त्यालाच येऊन उभं राहतं आणि एखाद्या रात्री गाडीखाली जातं.

उघड्या मूरवरच्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ताशी ४० मैलांची मर्यादा आहे. हे मैल आहेत. ४० म्हणजे ६४ किलोमीटर. काटा बघून "एवढं हळू?" वाटतं, पण वळणाआड मेंढी बसलेली असते तेव्हा ४० सुद्धा फार होतात. मी ३० च्या वर क्वचित जाते. मागे गाडी लागली तर रुंद जागा बघून तिला पुढे सोडते.

एक जनावर रस्ता ओलांडून गेलं की मोकळं झालं असं समजू नका, मागून दुसरं येतंच. मेंढी एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर आधीच थांबा. गाडी जवळ आली की कोकरू नेमकं आईकडे धावतं, म्हणजे तुमच्यासमोरून. हॉर्न वाजवू नका, जनावर बिथरून कुठेही पळतं. रात्री मेंढ्या दिवसभर तापलेल्या डांबरावर ऊब घेत बसतात, आणि काळी गाय हेडलाइटच्या उजेडातही शेवटच्या क्षणी दिसते. म्हणूनच मघाशी अंधाराचं म्हटलं.

घोडेस्वार दिसले तर ताशी १० मैलांच्या खाली, दोन मीटर अंतर सोडून.

जनावराला धडक बसलीच तर निघून जाऊ नका. घोडा, गाय, मेंढी, शेळी, डुक्कर, गाढव, कुत्रा यांपैकी काहीही असलं तरी पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. रस्ता अडला असेल किंवा धोका असेल तर ९९९, नाहीतर १०१. जागा नीट सांगता यावी म्हणून मागे गेलेल्या पाट्या लक्षात ठेवा. जखमी जनावराला ओढून बाजूला करायला जाऊ नका.

८. थांबणं, चालणं

गाडी पार्किंगमध्येच लावा. बऱ्याच ठिकाणी पैसे भरावे लागतात. कडेचं गवत सपाट दिसलं म्हणून त्यावर घालू नका; मनाई आहेच, शिवाय खाली पीट असतं. एका सहकाऱ्याची गाडी अशीच रुतली आणि ट्रॅक्टर येईपर्यंत तीन तास गेले. पार्किंगमध्ये गाडीत झोपून रात्र काढता येत नाही. तंबू लावून राहण्याचं वेगळं आहे; ठराविक भागांत तो हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो कायम ठेवला.

पायी जाताना चमकदार हिरवा, मऊ दिसणारा पट्टा टाळा. ती दलदल असते.

उत्तरेकडच्या भागात लष्कराचे गोळीबाराचे पट्टे आहेत. गोळीबाराच्या दिवशी टॉरवर लाल निशाणं फडकतात, रात्री लाल दिवे लागतात. निशाण दिसलं की त्या हद्दीत पाऊल नको. वेळापत्रक सरकारी संकेतस्थळावर आधी मिळतं. बी ३२१२ वर गाडीत बसलेल्याला याची काळजी नाही.

९. धुकं आलं तर

येतंच, आणि आंबोलीसारखंच येतं: आत्ता नव्हतं, आत्ता आलं. खालचे दिवे लावा, वरचे नकोत. धुक्यावरून उजेड उलटा डोळ्यांत येतो. मागचा धुक्याचा लाल दिवा समोरचं शंभर मीटरच्या आतलंच दिसत असेल तेव्हाच लावायचा आणि धुकं गेलं की आठवणीने बंद करायचा. भाड्याच्या गाडीत त्याचं बटण कुठे आहे ते एक्सेटरच्या पार्किंगमध्येच शोधून ठेवा. मी पोस्टब्रिजला शोधत बसले होते.

फोनला आवाजाचं नेटवर्क नसलं तरी मेसेज कधीकधी जातो. इथलं सिम असेल तर ९९९ वर 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द मेसेज करून घरूनच नोंदणी करून ठेवा, म्हणजे संकटात मेसेजवर मदत मागता येते.

पबमध्ये थांबलात तर चालवणाऱ्याने लिंबूपाणीच घ्यावं. आणि क्रीम टी (चहा आणि सोबत स्कोन नावाचे छोटे पाव, साय, जॅम) मागवलात तर डेव्हनमध्ये स्कोनवर आधी साय, मग जॅम. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये उलटं. यावरून लोक खरंच भांडतात.

१०. गाडी परत करताना

टाकी परत भरा, पावती ठेवा. रविवारी कार्यालयं लवकर बंद होतात, वेळ आधी विचारून घ्या. शक्य असेल तर चिखल धुवून मगच गाडी दाखवा. चिखलाखालचा ओरखडा तुमच्यासमोर निघालेला बरा, दोन आठवड्यांनी कार्डावर निघालेला नको.

आणि फोटो. गाडी घेताना आणि देताना दोन्ही वेळा, चारही बाजूंनी, चाकांचे वेगळे, आरशांचे वेगळे. आरशाचा फोटो समोरून काढू नका, काच तेवढी दिसते. बाहेरच्या बाजूने, वाकून, मागच्या प्लॅस्टिकचा काढा. माझ्या बिलात १४० पाउंड लागले ते त्याच प्लॅस्टिकचे, आणि त्यातला निम्मा ओरखडा गाडी घेतली तेव्हाच होता हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.